पाण्याच्या वाटा आणि दगडी तट : सोमाली दर्वेशांचा लढा (१८९९–१९२०)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत आफ्रिकेच्या पूर्व टोकाची, ज्याला त्याच्या आकारामुळे ‘आफ्रिकेचे शिंग’ म्हणतात त्या भूभागाची, चार सत्तांनी आपापसांत वाटणी केली. ज्यांच्या कुरणांतून आणि विहिरींवरून या सीमारेषा गेल्या त्या सोमाली लोकांना मात्र तिचा पत्ता बहुधा रेषा आखून झाल्यावरच लागला. जिबुतीचे बंदर फ्रेंचांनी धरले, झैला आणि बरबेराचा किनारा ब्रिटिशांच्या ‘संरक्षणा’खाली गेला, होब्यो आणि मजेर्तेनच्या सुलतानांशी १८८९ मध्ये तह करून इटलीने हिंदी महासागराच्या बाजूने पाय रोवला. चौथी सत्ता युरोपीय नव्हती. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्याला हबसाण म्हटले जाई त्या इथिओपियाचा पुढे सम्राट झालेला दुसरा मेनेलिक याने १८८७ मध्ये हरार हे प्राचीन मुस्लिम शहर जिंकले आणि तेथून त्याच्या फौजा ओगादेनच्या गवताळ प्रदेशात उतरू लागल्या. आदुआच्या लढाईत १८९६ मध्ये इटलीचा पराभव करणारा हा राजा साऱ्या आफ्रिकेच्या स्वाभिमानाचे प्रतीक ठरला हे खरे, पण ओगादेनच्या उंटवाल्यांना त्याची ओळख झाली ती हरारच्या शिबंदीला पोसण्यासाठी गुरे हाकून नेणाऱ्या पथकांवरून. सोमाली प्रतिकाराचा इतिहास गोरे विरुद्ध काळे या सोप्या चौकटीत बसत नाही, त्याचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण सोमाली समाजाच्या घडणीत सापडते. भाषा एक, धर्म एक, पशुपालनाची जीवनपद्धतीही बहुतांश एकच, आणि तरीही संपूर्ण समाजावर हुकूम चालवणारा राजा कोणी नाही, अशी ही रचना होती. इसाक, धुलबहान्ते, ओगादेन, मजेर्तेन, वर्सांगेली अशी मोठी कुळे, त्यांच्या शाखा, उपशाखा आणि त्यांच्या तळाशी खुनाचा दंड एकत्र भरणारा व एकत्र घेणारा भाऊबंदांचा गट, हीच खरी राजकीय संस्था होती. पुरुषाच्या खुनाबद्दल शंभर उंट ही परंपरेने ठरलेली भरपाई सर्व गटाने मिळून द्यायची असल्यामुळे माणसाचे रक्षण त्याचे नातेवाईक करीत, आणि त्याने केलेल्या आगळिकीचा बोजाही त्यांच्यावरच पडे. पावसाळ्यात हौद नावाच्या विस्तीर्ण पठारावर गवत माजते, पण कायमचे पाणी तेथे नाही. कोरड्या ऋतूत सर्वांना विहिरींकडे परतावे लागते, आणि त्या विहिरींवरूनच कुळाकुळांतली भांडणे पेटतात. कोण कोणत्या महिन्यात कोणत्या पाण्यावर असेल याचे ज्ञान हे या मुलखातले सर्वांत मोठे लष्करी भांडवल होते, आणि ते नकाशावर कुठेच नव्हते.

ब्रिटनला या मुलखात फारसा रस नव्हता, रस होता तो समोरच्या एडनमध्ये. १८३९ मध्ये ताब्यात घेतलेले एडन मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते, तेथील शिबंदीला लागणारे मांस बरबेराहून येई, आणि हा पुरवठा दुसऱ्या एखाद्या सत्तेच्या हाती जाऊ नये एवढीच ब्रिटिशांची मूळ काळजी होती. इजिप्तने बरबेरा व झैला येथून आपली ठाणी उठवल्यावर १८८४ ते १८८६ या काळात सोमाली कुळांशी एकामागून एक तह करण्यात आले, आणि १८९८ पर्यंत हा ‘संरक्षित प्रदेश’ हिंदुस्थान सरकारच्या वतीने एडनच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली राहिला. पुढे तो लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे आणि १९०५ मध्ये वसाहत खात्याकडे गेला. रुपया हेच तेथील चलन होते. पुढच्या लढायांत मुंबई ग्रेनेडियर्ससारख्या हिंदी पलटणी वारंवार उतरवल्या गेल्या आणि ‘सोमालीलँड १९०१–०४’ हा युद्धसन्मान त्यांच्या निशाणावर चढला. परक्याच्या साम्राज्यासाठी तिसऱ्याच्या मुलखात लढलेल्या या शिपायांची आठवण आपल्याकडच्या इतिहासलेखनात अभावानेच आढळते.

या तहांचा मजकूर बारकाईने वाचण्याजोगा आहे, कारण त्यांत सोमाली कुळांनी आपली जमीन ब्रिटनला दिलेली नाही. आपले स्वातंत्र्य टिकावे आणि सुव्यवस्था राहावी या हेतूने तह करीत असल्याचे सांगून, आपला मुलूख ब्रिटिश सरकारखेरीज इतर कोणाला विकणार, गहाण टाकणार किंवा वहिवाटीस देणार नाही एवढेच त्यांनी कबूल केले होते. १८९७ मध्ये मात्र ब्रिटनने मेनेलिकशी केलेल्या तहात हौदच्या कुरणांचा मोठा भाग इथिओपियाच्या सीमेत जाऊ दिला. गुरे चारण्याचा हक्क कुळांकडे राहील अशी तरतूद त्यात होती, पण ज्यांची कुरणे होती त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. संरक्षणाच्या कराराचा संरक्षकानेच केलेला हा भंग होता, आणि दोनच वर्षांनी जो वणवा भडकला त्याचे सरपण येथे रचले गेले.

दक्षिणेत, बेनादिर किनाऱ्यावर, त्याआधीच ठिणग्या पडल्या होत्या. मोगादिशूहून आतल्या भागाकडे निघालेला इटलीचा वकील अंतोनियो चेक्की आणि त्याचे बहुतेक सहकारी नोव्हेंबर १८९६ मध्ये लाफोले येथे रात्रीच्या हल्ल्यात मारले गेले. मेर्काच्या परिसरातील बिमाल कुळाने पुढे कित्येक वर्षे इटालियनांशी झुंज दिली. परंतु ही स्थानिक कुळांची युद्धे होती, आपल्या प्रदेशापुरती आणि आपल्या हितापुरती. कुळांच्या सीमा ओलांडून जाणारी चळवळ उभी राहिली ती उत्तरेत, आणि ती एका धर्मोपदेशकाने उभी केली.

सय्यद मोहम्मद अब्दुल्ले हसन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर धुलबहान्ते कुळाच्या प्रदेशात झाला. पितृकुळ ओगादेन, मातृकुळ धुलबहान्ते. लहानपणीच कुराण मुखोद्गत केलेल्या या तरुणाने ज्ञानाच्या शोधात बराच प्रवास केला आणि हजला गेला असता मक्केत शेख मोहम्मद सालिह या सुदानी गुरूचा अनुग्रह घेतला. सालिहिया हा त्यांचा सूफी पंथ कडक सुधारणावादी होता. थडग्यांवर जाऊन मृत संतांकडे रदबदली मागणे त्याला अमान्य होते, तंबाखू आणि कात नावाची चघळायची पाने निषिद्ध होती. १८९५ च्या सुमारास सय्यद बरबेराला परतले तेव्हा तेथे कादिरिया या जुन्या, संतपूजेला मानणाऱ्या पंथाचे वर्चस्व होते, आणि त्यांच्या प्रवचनांना शहरातील धार्मिक पुढाऱ्यांनी फारशी दाद दिली नाही. तेव्हा त्यांचे भांडण इंग्रजांशी कमी आणि स्वधर्मीयांशी जास्त होते.

बरबेरात त्या वेळी एक फ्रेंच कॅथलिक मिशन होते आणि त्यात सोमाली अनाथ मुले सांभाळली जात. मुसलमानांची मुले ख्रिस्ती नावे धारण करून वाढत आहेत, हे दृश्य सय्यदांच्या मनात खोल रुतले, आणि पुढे त्यांच्या प्रचारात तो वारंवार येणारा मुद्दा ठरला. शहर सोडून ते आतल्या भागात, आईच्या कुळात गेले. तेथे त्यांनी कुळांची भांडणे मिटवली, लुटलेले उंट परत करवले, आणि आरंभी ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही हा माणूस शांतता राखतो म्हणून बरा वाटला. मग १८९९ मध्ये एका सरकारी बंदुकीचे प्रकरण उपस्थित झाले. ती परत करण्याचा हुकूम उर्मट भाषेत आला आणि उत्तरही त्याच तोडीचे गेले. ऑगस्टमध्ये बुराओ येथील विहिरींवर सय्यदांनी हजारो अनुयायी जमवले, शेख या गावची कादिरिया पंथाची वसाहत त्यांच्या माणसांनी जाळली, आणि १ सप्टेंबर १८९९ रोजी बरबेराच्या अधिकाऱ्यांच्या हाती पडलेल्या पत्रात युद्ध किंवा जिझिया, म्हणजे मुस्लिमेतरांनी द्यायचा कर, यांपैकी एकाची निवड करण्यास त्यांनी ब्रिटिशांनाच सांगितले. सरकारने त्यांना बंडखोर घोषित केले. पुढे इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना ‘वेडा मुल्ला’ ठरवले, आणि ज्याला हरवता येत नाही त्याला वेडा म्हणण्याची सोय साम्राज्याला वीस वर्षे पुरली.

अनुयायांना ‘दर्वेश’ म्हणत. दर्वेश होणाऱ्याने डोक्याला पांढरे पागोटे बांधायचे आणि कुळाची ओळख मागे टाकायची, असा दंडक होता. व्यवहारात कुळ पुसले गेले नाही, पण त्यावर एक नवी रचना चढली. खुसुसी नावाचे सल्लागार मंडळ, सय्यदांच्या अंगरक्षकांचे दल, नावे दिलेल्या पलटणींची खडी फौज आणि त्यामागे कुटुंबे व गुरे घेऊन चालणारा लोकसमुदाय, असे तिचे थर होते. आणि हे सर्व जेथे असेल तो फिरता तळ म्हणजे ‘हरून’. हाजी सुदी हे त्यांचे एक प्रमुख सहकारी पूर्वी ब्रिटिश जहाजांवर दुभाषे होते. हबर युनिस या इसाक उपकुळाचे सुलतान नूर यांनीही साथ दिली. बंदुका प्रामुख्याने जिबुतीमार्गे येत आणि त्यांची किंमत उंटांत मोजली जाई.

पहिला मोठा प्रहार ब्रिटिशांवर झाला नाही. मार्च १९०० मध्ये दर्वेशांनी जिजिगा येथील इथिओपियाच्या छावणीवर हल्ला चढवला. काटेरी झुडपांच्या कुंपणामागून होणाऱ्या गोळीबारात त्यांची फार माणसे पडली आणि छावणी काही घेता आली नाही, पण लुटून नेलेली गुरे त्यांनी परत मिळवली. उंटांवर जगणाऱ्या समाजात जय कशाला म्हणायचे याचे माप युरोपीय सेनानींपेक्षा वेगळे होते. ज्यांची जनावरे परत आली त्या ओगादेनांच्या नजरेत सय्यदांचे वजन एकदम वाढले, आणि इथिओपियाने ब्रिटनकडे संयुक्त मोहिमेची मागणी केली.

१९०१ ते १९०४ या काळात ब्रिटनने चार मोहिमा काढल्या. पहिलीत लेफ्टनंट कर्नल स्वेन यांनी सुमारे १५०० सोमालींचीच फौज उभी केली. समाला आणि फर्दिदिन येथे दर्वेशांची मोठी हानी झाली, पण सय्यद निसटले. दुसऱ्या मोहिमेत, ६ ऑक्टोबर १९०२ रोजी, एरेगोच्या दाट झुडपांत दर्वेशांनी कूच करणाऱ्या ब्रिटिश सैन्याला वेढले. कर्नल फिलिप्स मारले गेले, एक मॅक्झिम मशीनगन दर्वेशांच्या हाती पडली, आणि सोमाली शिपाई सय्यदांच्या नुसत्या कीर्तीनेच कचरू लागले असल्याचे स्वेन यांना वरिष्ठांना कळवावे लागले. यानंतर सोमालींवर सोमाली सोडून भागणार नाही असे ठरले. जनरल मॅनिंग यांच्या तिसऱ्या मोहिमेसाठी हिंदी पलटणी, बिकानेरचे उंटदळ, किंग्ज आफ्रिकन रायफल्स आणि दक्षिण आफ्रिकेतील नुकत्याच संपलेल्या युद्धातले बोअर घोडेस्वार आणले गेले, आणि इटलीच्या संमतीने होब्योच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवून दर्वेशांना दोन्ही बाजूंनी कोंडण्याचा बेत आखला गेला. आपल्या किनाऱ्याचा असा वापर होब्योच्या सुलतानाला, युसुफ अली केनादिद यांना, रुचला नाही. इटलीने त्यांना सरळ हद्दपार केले. संरक्षणाचा तह म्हणजे काय हे त्यांना या प्रसंगी नेमके कळले असावे.

गुंबुरूची लढाई या मोहिमेतली. १७ एप्रिल १९०३ रोजी अडचणीत सापडलेल्या टेहळणी तुकडीच्या मदतीस लेफ्टनंट कर्नल प्लंकेट यांना धाडण्यात आले. तुकडी सुखरूप भेटली, पण प्लंकेट मागे फिरले नाहीत. दर्वेशांच्या शोधात ते पुढे सरकत राहिले आणि मोकळ्या जागेत येताच सभोवतालच्या झुडपांतून घोडेस्वार आणि भालाईत हजारोंनी त्यांच्यावर तुटून पडले. आफ्रिकन रायफल्सचे शिपाई आणि दुसऱ्या शीख पलटणीचे काही जवान चौकोन करून उभे राहिले. दर्वेशांच्या लाटा एकीमागून एक गोळ्या झेलत येत राहिल्या, चौकोनाचा दारूगोळा संपत आला, संगिनी चढल्या, आणि शेवटी चौकोन फुटला. नऊ ब्रिटिश अधिकाऱ्यांसह जवळजवळ दोनशे माणसे मारली गेली. अधिकारी एकही वाचला नाही. दर्वेशांनीही या विजयाची किंमत असंख्य प्रेतांनी मोजली होती, पण मशीनगन असलेल्या शिस्तबद्ध पायदळाचा चौकोन फोडता येतो ही वार्ता साऱ्या शिंगभर पोहोचली.

या यशाने सय्यदांची गफलत झाली. आजवर त्यांचा तळ दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. शत्रूला डब्यांत पाणी भरून हजारो उंटांवर वाहावे लागे, आणि ते संपले की मोहीमही संपे. मोहिमांच्या याच काळात त्यांनी ब्रिटिशांना लिहिलेल्या एका पत्रात स्पष्ट सुनावले होते की आपल्याकडे किल्ले नाहीत, घरे नाहीत, पिकाखालची जमीन किंवा सोनेचांदीही नाही, तेव्हा तुम्ही घेणार तरी काय. दगड, लाकूड, वारुळे आणि ऊन मात्र हवे तेवढे आहे. गनिमी काव्याचे सार याहून नेमके क्वचितच कोणी मांडले असेल. पण १० जानेवारी १९०४ रोजी जिदबालीच्या उघड्या मैदानात दर्वेश जनरल एगर्टन यांच्या तयारीच्या सैन्यासमोर ठाण मांडून राहिले, आणि हजारावर माणसे गमावून उधळले. एप्रिलमध्ये इल्लिग हे किनाऱ्यावरचे त्यांचे ठाणेही आरमाराने समुद्रावरून हल्ला करून घेतले. सय्यद इटालियन प्रभावक्षेत्रात सरकले, ५ मार्च १९०५ रोजी इल्लिगच्या तहाने त्यांना नुगालच्या खोऱ्यात जागा मिळाली, आणि चळवळ संपली असे लंडनमध्ये सर्वांनी समाधानाने मानले.

बंदुका शांत होत्या त्या काळात कविता बोलत होती. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये. त्यापूर्वी सर्व काव्य मुखाने रचले, मुखाने जपले आणि मुखानेच पसरवले जाई. ‘गबय’ हा त्यातला सर्वांत भारदस्त प्रकार. त्यात एकच अनुप्रास संपूर्ण कवितेभर, प्रत्येक ओळीत, पाळावा लागतो, मग ती कविता शंभर ओळींची का असेना. या बंधनामुळे कविता रचणे कठीण होते, तशीच ती विसरणे किंवा चोरून बदलणेही कठीण होते. सय्यद या प्रकाराचे असामान्य प्रभुत्व असलेले कवी होते. ऐकून पाठ करणारे अनुयायी त्यांच्या रचना तांड्यांबरोबर घेऊन जात, आणि विहिरीवर जमलेल्या परकुळाच्या माणसांपुढे त्या म्हणत. एखाद्या कुळाला लाजवून युद्धात ओढणे, दुसऱ्याला चुचकारणे, शत्रूची नालस्ती करणे, मित्राला ‘हीन फिनीन’सारखा लाडका घोडा देताना त्याची थोरवी गाणे, हे सर्व व्यवहार काव्यातूनच चालत. ब्रिटिशांकडे मशीनगन होत्या, पण या माऱ्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ते दिले विरोधी कुळांच्या कवींनीच. मुसलमान मुसलमानांची गुरे लुटतो आणि त्यांना मारतो, हा कसला जिहाद, असा सवाल अली जामा हाबील यांच्यासारख्या कवींनी तितक्याच धारदार गबयांतून केला. सोमाली प्रतिकाराचा खरा वाद कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा या कवितायुद्धात अधिक स्पष्ट ऐकू येतो.

आणि तो सवाल पोकळ नव्हता. एप्रिल १९०९ मध्ये कादिरिया पंथाचे दक्षिणेतील श्रेष्ठ आचार्य शेख उवैस अल-बरावी यांना दर्वेशांनी ठार मारले. त्याच वर्षी मक्केहून शेख मोहम्मद सालिह यांचे पत्र आले. त्यात आपल्या शिष्यानेच शरियतचा भंग चालवला असल्याचा ठपका होता. गुरूने हात काढून घेतल्यावर दर्वेशांच्या पुढाऱ्यांत चलबिचल झाली, काही जण एका झाडाखाली गुप्तपणे जमले आणि सय्यदांना मारावे, पदच्युत करावे की सोडून जावे याची खलबते झाली. सोमाली स्मृतीत त्या झाडाचे नाव ‘दुष्ट मसलतीचे झाड’ असे राहिले. कटाची बातमी फुटली, सय्यदांनी तो निर्दयपणे मोडला, आणि अनेक जुने सहकारी पळाले किंवा मारले गेले. या घटनेनंतर चळवळीतला धर्मसुधारणेचा जोम ओसरला आणि सय्यदांची व्यक्तिगत हुकमत वाढली, असे म्हणणे भाग आहे.

याच सुमारास ब्रिटनने खर्चाला कंटाळून माघार घेतली. नोव्हेंबर १९०९ मध्ये किनाऱ्यापुरते राहण्याचा निर्णय झाला, आणि मार्च १९१० पर्यंत आतली ठाणी उठवून सैन्य बरबेरा, बुल्हार आणि झैला या तीन बंदरांत आले. निघताना ‘मित्र’ कुळांना बंदुका वाटल्या गेल्या, म्हणजे दर्वेशांशी तुमचे तुम्ही पाहून घ्या असे सांगण्यात आले. त्या बंदुका दर्वेशांवर चालण्याआधी शेजाऱ्यांवर चालल्या. जुनी वैरे उफाळली, दंडाची शंभर उंटांची व्यवस्था कोसळली, गुरे गेली आणि त्यामागोमाग उपासमार आली. पोट भरण्यासाठी निषिद्ध अन्नही खावे लागले म्हणून सोमालींनी त्या वर्षांना ‘हराम खाण्याचा काळ’ असे नाव दिले. संरक्षित प्रदेशातील सुमारे एक तृतीयांश पुरुष या काळात मेले असा अंदाज ब्रिटिश लेखकांनीच नोंदवला आहे. अंदाज अतिशयोक्त मानला तरी, वीस वर्षांच्या या संघर्षात सर्वाधिक सोमाली मेले ते कोणत्याही ब्रिटिश मोहिमेत नव्हे तर मोहिमा थांबलेल्या वर्षांत, ही बाब दोन्ही पक्षांच्या गौरवगाथांतून सारखीच वगळली जाते.

व्यापारी मार्ग तरी सुरक्षित राहावेत म्हणून १९१२ मध्ये रिचर्ड कॉरफिल्ड या अधिकाऱ्याच्या हाताखाली सुमारे दीडशे सोमालींचे उंटस्वार पोलीस दल उभारण्यात आले. दर्वेशांशी थेट झुंजू नये अशी सक्त ताकीद असतानाही, लुटलेली गुरे हाकून नेणाऱ्या दर्वेशांचा पाठलाग करण्याचा मोह कॉरफिल्डना आवरला नाही. ९ ऑगस्ट १९१३ रोजी दुल मदोबा या टेकडीजवळ त्यांचे दल घेरले गेले. मॅक्झिम लवकरच निकामी झाली, मेलेल्या उंटांच्या आणि घोड्यांच्या आडोशाने उरलेले पोलीस कित्येक तास लढत राहिले. कॉरफिल्ड गोळी लागून पडले, सुमारे तीन डझन पोलीस मारले गेले, आणि दर्वेशांचे नुकसान त्याहून कितीतरी अधिक झाले. दर्वेशांचे नेतृत्व इस्माईल मिरे या सेनापतीकडे होते, आणि तेही कवी होते. या विजयावर सय्यदांनी रचलेली कविता मृत कॉरफिल्डना उद्देशून आहे. परलोकाच्या वाटेवर भेटतील त्यांना आपल्या मरणाची हकिगत कशी सांगावी, याचे सविस्तर निरोप त्यांना दिलेले आहेत. मार्च १९१४ मध्ये अवघे चाळीस दर्वेश घोडेस्वार थेट बरबेराच्या वस्तीत घुसून गोळीबार करून गेले, तेव्हा किनाऱ्यापुरते राहण्याच्या धोरणाची अब्रू उरली नाही.

दरम्यान दर्वेशांनी आपल्या युद्धाची रीतच बदलली होती. नुगालच्या पठारावर तालेह येथे येमेनी गवंड्यांच्या हातून त्यांनी दगडी तटबंदीचे विशाल संकुल बांधले. बारा-चौदा फूट जाडीच्या भिंती, उंच बुरूज, आत विहिरी आणि कोठारे. जिदाली, मेदिशे, शिंबर बेरिस अशी आणखी ठाणी त्याभोवती पसरली होती. डोंगरी किल्ल्यांवर स्वराज्य तगल्याचे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात शहाणपणच दिसेल, आणि बांधणाऱ्यांचा हेतूही राज्य उभारण्याचाच होता: धान्य साठवणे, व्यापार एका जागी आणणे, कुळांना कायमचे बांधून ठेवणे. पण सह्याद्रीचे किल्ले लपायला जागा देणाऱ्या डोंगररांगांत होते, तालेह उघड्या पठारावर होते. ज्या माणसाने एकेकाळी आपल्याकडे घेण्यासारखे काही नाही म्हणून शत्रूची टर उडवली होती, त्याने आता शत्रूला घेण्यासारखे काहीतरी उभे केले होते. शिंबर बेरिसची ठाणी फेब्रुवारी १९१५ मध्ये एडनहून आणलेल्या तेविसाव्या शीख पायोनियर्सनी सुरुंग लावून उडवली, ती याची पहिली पूर्वसूचना.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे हात इतरत्र गुंतल्याने तालेहला पाच वर्षे मिळाली. इथिओपियाचा तरुण राज्यकर्ता लिज इयासू इस्लामकडे झुकला, त्याच्याकडून शस्त्रे आणि एमिल किर्श नावाचा जर्मन कारागीर सय्यदांकडे आला. पण इयासू १९१६ मध्ये पदच्युत झाला, आणि तालेहहून पळालेला किर्श वाटेत तहानेने मेला. तुर्कांशी झालेल्या पत्रव्यवहारातूनही हाती फारसे लागले नाही. उलट वर्सांगेली या एकेकाळच्या मित्रकुळाच्या लास खोराई बंदरावर दर्वेशांनी १९१६ मध्ये हल्ला करून आपला समुद्राकडचा दरवाजा स्वतःच बंद केला.

युद्ध संपल्यावर लंडनमध्ये पैसा नव्हता, पण विमाने होती. स्वतंत्र दल म्हणून आपले अस्तित्व सिद्ध करू पाहणाऱ्या हवाई दलाने स्वस्तात काम करून देण्याची तयारी दाखवली. १९१९ च्या अखेरीस ‘झेड युनिट’ नावाची बारा विमानांची तुकडी बरबेरात आली आणि २१ जानेवारी १९२० रोजी मेदिशे व जिदालीवर बाँब पडले. पहिल्या दिवशी निघालेल्या विमानांपैकी बहुतेकांना मेदिशे सापडलेही नाही; तरी पहिल्याच बाँबने सय्यदांच्या शेजारचे त्यांचे नातेवाईक ठार झाले आणि त्यांचे स्वतःचे कपडे होरपळले, असे ब्रिटिश वृत्तांत सांगतात. दर्वेशांनी विमान कधी पाहिले नव्हते. जमिनीवरून सोमालीलँडचे उंटदळ, किंग्ज आफ्रिकन रायफल्स, एकशे एकाव्या ग्रेनेडियर्सची अर्धी पलटण आणि सोमाली टोळ्या पुढे सरकल्या. ९ फेब्रुवारीला तालेह पडले. मोहीम तीन आठवड्यांची झाली आणि तिचा खर्च ७७,००० पौंड सांगितला गेला. या आकड्याने लंडनच्या राजकारण्यांना इतकी भुरळ घातली की पुढे इराकवर विमानांच्या धाकाने राज्य करण्याच्या धोरणाला सोमालीलँडचा दाखला दिला जाऊ लागला. विमानांच्या नाट्यात एक गोष्ट मात्र झाकली गेली: बाँबने दर्वेश पांगले, पण पांगलेल्यांना शोधून, त्यांची गुरे ताब्यात घेऊन चळवळीचा कणा मोडला तो उंटदळाच्या आणि कुळांच्या सोमाली माणसांनीच.

सय्यद मूठभर माणसांनिशी ओगादेनमध्ये निसटले. शरणागतीच्या बदल्यात अभय आणि राहण्यास जागा देऊ करणारे सोमाली धर्मपुढाऱ्यांचे शिष्टमंडळ त्यांच्याकडे आले, आणि त्यांनी ते परत पाठवले. मग देवीची साथ आणि गुरांचा रोग, त्यानंतर इसाक टोळीचा मोठा हल्ला, आणि अखेर १९२० च्या शेवटी इमी येथे इन्फ्लुएन्झाने त्यांचा अंत झाला. वीस वर्षे तीन सत्तांच्या हाती न लागलेला माणूस शत्रूच्या गोळीने मेला नाही. त्याच वर्षी ब्रिटिशांनी वर्सांगेलींचे सुलतान मोहम्मूद अली शिरे यांनाही सेशेल्स बेटांवर हद्दपार केले.

प्रतिकार मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये बुराओ येथे नव्या कराविरुद्ध दंगल उसळली, कॅप्टन गिब हे तेथे अनेक वर्षे राहिलेले अधिकारी गोळीने मारले गेले, एडनहून विमाने आली, आणि तरीही शेवटी कर मागे घ्यावा लागला. हे बंड दर्वेशांनी केले नव्हते. ते सय्यदांच्या विरोधात ब्रिटिशांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कुळांनी केले होते. दक्षिणेत इटलीच्या फॅसिस्ट गव्हर्नराने १९२५ पासून होब्यो आणि मजेर्तेन यांवर चढाई केली, तेव्हा त्या सुलतानांनाही दोन वर्षे शस्त्र उचलावे लागले. त्यांतले काही जण एकेकाळी दर्वेशांचे वैरी होते.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६९ नंतरच्या लष्करी राजवटीत, सय्यदांना राष्ट्रपित्याचे स्थान मिळाले, मोगादिशूत त्यांचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला, आणि जामा उमर इस्से या अभ्यासकाने वृद्धांच्या मुखातून गोळा केलेला त्यांचा काव्यसंग्रह १९७४ मध्ये नव्या लिपीत छापला गेला. १९९१ मध्ये राजवट कोसळल्यावर जमावाने तो पुतळा मोडला. पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. उत्तरेतील इसाक घराण्यांत सय्यदांचे नाव निघाले की आजही पणजोबांचे लुटले गेलेले उंट आठवतात, आणि धुलबहान्ते प्रदेशात तालेहच्या पडक्या तटांकडे वेगळ्याच अभिमानाने पाहिले जाते; कविता मात्र दोन्हीकडे पाठ आहेत.